यादीतली तीन नावं

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. सांभाळले हाच शब्द बरोबर. बनवले नाहीत, विकले नाहीत, नुसते चालू ठेवले. आमचा कारखाना फवारणीचे पंप बनवायचा. पंप बिघडला तर शेतकरी तो खांद्यावर टाकून फाटकाशी यायचा आणि बिघाड बोट ठेवून दाखवायचा. माझ्याकडे येणारा माणूस एवढंच म्हणायचा, "काल चालत होतं, आज चालत नाही." आणि मी जाऊन बसलो की चालायचं.

जे कायमचं बंद पडतं त्याची मला कधी भीती वाटली नाही. कधी चालतं आणि कधी नाही, त्याचीच वाटली. अशाच एका दोषात मी एका माणसाचं नुकसान केलं. तेवढंच आज सांगायचं आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एका जाळ्यात आणले. मधोमध सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणारं मोठं यंत्र. इंदापूरला आमचा जुळणी विभाग होता, तिथले तीन कॉम्प्युटरही भाड्याच्या टेलिफोन लाइनने याच सर्व्हरला जोडले. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड दिला. कोणत्याही टेबलावर बसा, आपलं नाव टाका, की आपला पडदा समोर यायचा. त्यावर ठेवलेल्या फायली, आवडीचं चित्र, सगळं जिथल्या तिथं. काम संपवून बाहेर पडलात की ते सगळं परत सर्व्हरवर जाऊन बसायचं. आमच्या भाषेत याला प्रोफाइल म्हणतात. लोकांना शिकवताना मी 'बिऱ्हाड' म्हणायचो. तुम्ही जाल तिथं तुमचं बिऱ्हाड तुमच्या मागून येतं.

पहिल्याच आठवड्यात खरेदी विभागाच्या प्रमुखांचा इंदापूरहून फोन आला. "इनामदार, माझा गणपती आला नाही." त्यांनी पडद्यावर गणपतीचं भलंमोठं चित्र लावलं होतं आणि ते त्या बारीक लाइनमधून सरकत येत होतं. चहा घेऊन या म्हटलं. पंधरा मिनिटांनी परत फोन आला, "आला." त्या काळात मी असल्या गोष्टींवर खूश असायचो.

टाइम ऑफिसातले ज्ञानू कोळेकर वयाने माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. सगळा कारखाना त्यांना तात्या म्हणायचा. मूळचे लासुर्ण्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचे. तात्या सातवीपर्यंत शिकले, कारखान्यात हमाल म्हणून लागले आणि अक्षर चांगलं म्हणून टाइम ऑफिसात आले. कामगारांची हजेरी, रजा, पाळ्या, सगळं त्यांच्याकडे. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्यापुढे कॉम्प्युटर आला. मी बिऱ्हाडाची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले.

"आमचं बी तसंच हुतं साहेब. मेंढरांमागं बिऱ्हाड. फकस्त घोडं लागायचं."

इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू यायची, पण वाक्य लागायचं नाही. मराठी टंकलेखन मात्र दोन बोटांनी इतकं शिकले की त्यांच्या यादीत शुद्धलेखनाची चूक सापडायची नाही. आठवड्यातले पाच दिवस ते बारामतीला असायचे. सोमवारी सकाळच्या एसटीने इंदापूरला जाऊन तिथल्या तात्पुरत्या कामगारांची हजेरी कॉम्प्युटरवर घ्यायचे. फाइल कुठे ठेवू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं होतं, "तात्या, इथंच पडद्यावर ठेवा. इंदापूरला केलेलं काम दुसऱ्या दिवशी बारामतीला तुमच्यासमोर असेल. मी जबाबदार."

काही महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की काम जातंय.

"सोमवारी इंदापुरात घातल्याली नावं मंगळवारी हितं दिसत न्हाईत. परत घालावी लागत्यात."

"दर सोमवारी?"

"न्हाय. कवा राहत्यात, कवा जात्यात."

मला लाइनवर संशय आला. इंदापूरला गेलो, माझ्या नावाने आत शिरलो, लाइन तपासली, मोठ्या फायली इकडून तिकडे पाठवून पाहिल्या. एकही अडकली नाही. मग तात्यांना तिथंच बसवलं, दोन ओळी लिहायला लावल्या. दुसऱ्या दिवशी बारामतीत त्या दोन्ही ओळी जागेवर होत्या. महिन्याने परत तीच तक्रार, परत मी इंदापूरला, परत सगळं ठीक. दुसऱ्या खेपेला परतताना एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. निमगाव केतकी मागं पडलं तेव्हा म्हणाले, "साहेब, मंगळवारी मिशीन चालू करताना ते कवाकवा कायतरी इचारतंय."

"काय विचारतं?"

"इंग्रजीत असतं. मी एंटर दाबतो. न्हाय दाबलं तरी आपसूक जातं."

"असेल काहीतरी," मी म्हणालो. "ते नेहमीचंच असतं."

मी खिडकीबाहेर बघत होतो. मला घरी जायची घाई होती. एवढंच.

त्या वर्षी इंदापूरच्या तात्पुरत्या कामगारांतून काहींना कायम करायचं ठरलं. ज्यांचे ठरलेले दिवस भरले त्यांची यादी टाइम ऑफिसने द्यायची, कार्मिक विभागाचे दळवी साहेब सही करणार आणि यादी पुण्याला मुख्य कार्यालयात जाणार. तात्यांनी ती यादी आठवडाभर तयार केली. शेवटच्या सोमवारी इंदापूरला तिघांचे दिवस भरत होते. त्यांनी तिथं बसून ती तीन नावं घातली. मंगळवारी सकाळी बारामतीत दळवी साहेबांनी घाई केली. पुण्याची गाडी निघायची होती. तात्यांनी कागद छापून दिला. आदल्याच दिवशी स्वतः पूर्ण केलेली यादी, म्हणून परत वाचली नाही.

छापलेल्या कागदावर ती तीन नावं नव्हती.

हे कळायला पंधरा दिवस गेले. पुण्याहून मंजुरी आली, यादी फलकावर लागली आणि इंदापूरच्या तिघांनी काम थांबवून विचारलं, आमचं काय? हजेरीच्या कागदी पुस्तकात त्यांचे दिवस भरलेले होते. म्हणजे चूक यादीत होती आणि यादी तात्यांची होती.

आणखी एक गोष्ट झाली. त्या तिघांपैकी एक भानुदास कोळेकर, तात्यांचा चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोन्ही घरांत अनेक वर्षं बोलणं नव्हतं. इंदापुरात कुणीतरी बोलून दाखवलं आणि दोन दिवसांत सगळे तेच बोलायला लागले. तात्याने भावाचं नाव कापलं आणि नजरेत येऊ नये म्हणून आणखी दोघांची कापली.

दळवी साहेबांनी मला बोलावलं. तात्या भिंतीशी उभे होते.

"इनामदार, कॉम्प्युटर आपोआप नावं खोडू शकतो का?"

मी म्हणालो, "तपासून सांगतो."

तात्या म्हणाले, "साहेब, मी सोमवारी घातली हुती. माझ्या पोरांची शपथ."

"शपथ नको," दळवी म्हणाले. "इनामदार लेखी देतील."

मी चार दिवस तपासलं. प्रामाणिकपणे तपासलं, हे मला आजही म्हणता येतं आणि त्याचा मला आजही काही उपयोग होत नाही. सर्व्हरच्या नोंदीत दिसत होतं की मंगळवारी संध्याकाळी तात्यांच्याच नावाने बिऱ्हाड परत गेलं आणि त्यातली यादी जुनी होती. दुसऱ्या कुणाच्या नावाचा मागमूस नव्हता. इंदापूरला जाऊन मी स्वतः बसलो, यंत्र उत्तम चाललं. मी इंग्रजीत पाऊण पानाचा अहवाल लिहिला. यंत्रणेत दोष आढळला नाही. फाइलमधले बदल संबंधित कर्मचाऱ्याच्याच नावाने झालेले आहेत.

या दुसऱ्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता.

तात्यांना टाइम ऑफिसातून काढून स्टोअरला पाठवलं. तिथं नट-बोल्टच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम होतं. मला ते फाटकाशी भेटले तेव्हा मी नजर चुकवणार होतो, तेच थांबले.

"तुमी काय लिवलंय त्ये मला कुणी सांगितलं न्हाय. पर मिशीन चांगलं हाय म्हणला असणार."

"तात्या, मला काही सापडलं नाही."

"व्हय," ते म्हणाले. "सापडलं न्हाय त्ये खरं."

आणि गेले.

त्यांच्या जागी शैला नावाची मुलगी आली. इंदापूरचीच, कॉम्प्युटरचा पदविका अभ्यासक्रम केलेली, बोलायला स्पष्ट. चौथ्या महिन्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि तिने वहीचं फाडलेलं पान पुढे ठेवलं.

"सर, काल इंदापूरला केलेलं काम आज गेलंय. सकाळी पडद्यावर हे आलं होतं. मी शब्दन् शब्द उतरून घेतलं. उत्तर द्यायला अर्धंच मिनिट देतात, म्हणून घाईत लिहिलंय."

मी वाचलं. त्याचा अर्थ असा होता: या कॉम्प्युटरवर असलेली तुमची प्रत सर्व्हरवरच्या प्रतीपेक्षा नवीन आहे. हीच वापरू का?

मी ते पुन्हा वाचलं. मग तिला विचारलं, "तू काय उत्तर दिलंस?"

"हो म्हटलं. नवीन म्हणतंय म्हटल्यावर नवीनच वापरणार ना?"

कुणीही तेच केलं असतं. यंत्र विचारत होतं आणि चुकीचं सांगत होतं. बारामतीची प्रत शनिवारची होती, सर्व्हरवरची सोमवारची. मग शनिवारची प्रत नवीन कशी?

पुढच्या सोमवारी मी शैलाबरोबर इंदापूरला गेलो. पण या खेपेला कळफलकाला हात लावला नाही. तिला म्हटलं, तू तुझ्या नावाने आत जा, मी नुसता मागं उभा राहतो. ती आत शिरली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असतं, त्यावर मी बाण न्यायला सांगितला. तारीख उमटली. सोमवार नव्हता. त्या यंत्राच्या हिशेबाने अजून गेल्या आठवड्यातला गुरुवार चालू होता.

कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाएवढा एक सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. इंदापूरच्या त्या यंत्राचा सेल मेल्यात जमा होता. तिथं रखवालदार नव्हता, म्हणून शॉर्टसर्किटच्या भीतीने शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडून जायचे. तेवढा वेळ घड्याळ थांबायचं आणि सोमवारी जिथं थांबलं तिथून पुढं चालायचं. दोन-तीन सुट्ट्या झाल्या की ते तीन-चार दिवस मागं पडायचं. मग सोमवारी केलेल्या कामावर गुरुवारचा शिक्का बसायचा. मंगळवारी बारामतीचं यंत्र दोन तारखा ताडून बघायचं, आपल्याजवळची शनिवारची प्रत नवी समजायचं आणि जुनं बिऱ्हाड नव्यावर पसरून द्यायचं. दोष दिसायचा बारामतीला आणि असायचा इंदापूरला.

आता खरी गोष्ट. घड्याळं चुकतात हे मला माहीत होतं. म्हणून कुणीही आत शिरला की त्या यंत्राचं घड्याळ सर्व्हरशी जुळवून घ्यावं, अशी सूचना मी सुरुवातीलाच सर्व्हरमध्ये लिहून ठेवली होती. पण घड्याळ बदलण्याचा अधिकार यंत्र सगळ्यांना देत नाही. तो मला होता. खातेप्रमुखांना मी दिला होता. तात्यांच्या नावाला नव्हता, शैलाच्याही नव्हता. त्यांच्यासाठी माझी सूचना गुपचूप वाया जायची. इंदापूरचे प्रमुख सकाळी आधी त्या यंत्रावर बसले असतील तर घड्याळ सुधारायचं आणि तात्यांचं काम टिकायचं. ते दौऱ्यावर असतील तर जायचं. आणि मी तपासायला गेलो की पहिल्यांदा माझंच नाव टाकायचो, आणि त्याच क्षणी घड्याळ बरोबर व्हायचं. मग मी चार तास दोष शोधायचो. मी येताक्षणीच तो गेलेला असायचा.

पन्नास रुपयांचा सेल बदलला. सूचना दुरुस्त केली. काम अर्ध्या तासाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा अहवाल लिहून दळवी साहेबांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"उरलेल्या दोघांचं पुढच्या यादीत करून घेऊ," ते म्हणाले. "भानुदास तर काम सोडून गेला. कोळेकरांचं म्हणाल, तर त्यांना परत टाइम ऑफिसात घेतो. तुम्ही सांगा त्यांना. बाहेर बोभाटा नको."

तात्या त्या आठवड्यात रजेवर होते. मी त्यांच्या वस्तीवर गेलो. उसाच्या पट्ट्यातून रस्ता होता, पुढे तीन घरं. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं: सेल, घड्याळ, माझा अधिकार, माझा अहवाल. त्यांची बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, एसटीत मी तुमाला सांगितलं हुतं, कायतरी इचारतंय म्हणून."

"हो."

"तुमी तवा नुसतं म्हणला असता, तात्या, काय इचारतंय त्ये उतरून आणा. मला इंग्रजी वाचता येत न्हाय, पर अक्षरं काढता येत्यात. मी येक येक अक्षर काढून आणलं असतं."

आपण माफी मागायला आलो आहोत हे मला आठवलं. मी म्हणालो, "माझं चुकलं तात्या. दळवी साहेब तुम्हाला परत घेतायत."

"आता न्हाय बसायचं मला त्येच्यापुढं. स्टोअर बरंय." मग म्हणाले, "आनि ह्ये तुमी मला कशापायी सांगताय? मी नावं कापली न्हाईत, ह्ये मला ठावंच हाय की."

"मग काय करू?"

"इंदापुरात सांगा. जितं बोलत्यात तितं. आनि मराठीत लिवा. मागलं तुमी इंग्रजीत लिवलं हुतं."

मी घरी येऊन लिहायला बसलो. पाऊण पानाचा इंग्रजी अहवाल लिहायला मला एक तास लागला होता. हे दहा ओळींचं मराठी लिहायला तीन दिवस लागले. यंत्राचं घड्याळ मागं पडल्यामुळे यादीतली तीन नावं गेली. श्री. ज्ञानू कोळेकर यांनी ती वेळेवर घातली होती. त्यांनी दोष दोनदा माझ्या कानावर घातला होता. मी तो नीट तपासला नाही आणि चुकीचा अहवाल दिला. खाली पूर्ण नाव आणि सही. दळवी साहेबांना न विचारता मी तो कागद इंदापूरच्या फलकावर, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी लावला आणि तिथंच उभा राहिलो.

डबे हातात घेऊन माणसं जमली. एकाने मोठ्याने वाचलं. एक जण म्हणाला, "तात्याला लय बोललो आपण." मग सगळे डबे खायला गेले.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. परवानगीशिवाय कार्यालयीन माहिती जाहीर केल्याबद्दल. मी उत्तर दिलं, ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत राहिली. ती खोडून घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. उरलेले दोघे पुढच्या वर्षी कायम झाले. भानुदास कायम झाला नाही. तो लोणी देवकरकडे कुठल्याशा कामावर गेला होता आणि परत यायला तयार नव्हता. त्याचं ते वर्ष मी कुठून आणणार होतो?

त्यानंतर नोकरीत अनेकदा मला कुणीतरी येऊन सांगितलं, "काहीतरी येतं, काय ते कळत नाही." मी त्यांच्या पासवर्डने त्यांच्याच खुर्चीत त्यांनाच बसवलं आणि मागं उभा राहिलो. लोकांना वाटायचं, हा माणूस फार सावकाश काम करतो.

फलकावर कागद लावल्याला दोनेक महिने झाले असतील. दुपारी टेबलावरचा फोन वाजला. तात्या होते. त्या दिवशी ते रजेवर होते आणि गावातल्या फोनच्या टपरीवरून बोलत होते. त्यांनी मला पूर्वी कधी फोन केला नव्हता.

"साहेब, भानुदास येऊन गेला सकाळी."

"तुमच्याकडं? घरी?"

"व्हय."

"काय म्हणाला?"

"काय न्हाय. बसला जरा येळ."

पलीकडून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला. मला वाटलं लाइन तुटली.

"तात्या?"

"हाय की," ते म्हणाले. "बसला, आनि पाणी प्याला साहेब. आमच्या घरात. एवढंच सांगायचं हुतं."